कुंकू कुठवर चढलं

मोटरसायकलचं तोंड खाली पाडावं का, हे विचारायला अजूनही पोरं माझ्याकडे येतात. सातवीत मी दोनदा बसलो आणि दोनदा उठलो, तेवढंच माझं शिक्षण. पण या एका गोष्टीवर जबलपुरात माझ्यापुढे कुणी शहाणपण करू नये. ती मला कुण्या मिस्त्रीनं शिकवली नाही, पुस्तक तर लांबच राहिलं. आईच्या करंड्यातल्या कुंकवानं शिकवली. आता हात थरथरतो, नट धरवत नाही, पण पेन धरवतं अजून. म्हणून लिहून ठेवतो.

आमचं घर महाराजपुराकडे होतं. दोन खोल्या, पुढे अंगण, अंगणात पेरूचं झाड, आणि झाडाखाली माझी गाडी. सकाळ व्हायची ती फॅक्टरीच्या भोंग्यावर. पहिला भोंगा वाजला की आईचा स्टोव्ह फरफरायला लागायचा, मग भाकरी थापल्याचा आवाज, मग बाबांचं खाकरणं. बाबा फॅक्टरीत तपासनीस होते. दिवसभर त्यांच्यापुढे लोखंडाचे तुकडे यायचे, ते पट्टी लावून मापायचे, आणि बरोबर नसला तर त्यावर लाल खूण करून बाजूला टाकायचे. कुणाशी भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त लाल खूण. घरी आले तरी तीच सवय. जेवताना भाकरी हातात घेऊन कडेनं बघायचे. जाड झाली असेल तर बोलायचे नाहीत, ताटाच्या कडेला ठेवायचे. आई म्हणायची, "झाली का तपासणी? खा आता." स्टीलची ती सहा इंची पट्टी कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची, दुसऱ्या माणसाच्या खिशात पेन असतं तशी.

बाबांचा गुडघा कामातून गेला आणि सायकल सुटली, तेव्हा घरात मोटरसायकल आली. बदली होऊन चाललेल्या एका सुभेदाराची होती. दोन सिलेंडरांची, निळा धूर सोडणारी, आवाज असा की शेजारची म्हैस दावं तोडायला बघायची. ठरलं असं की मी बाबांना रोज सकाळी फॅक्टरीच्या फाटकावर सोडायचं आणि मग आपल्या कामाला जायचं. मी तेव्हा एका लाकडाच्या वखारीत लागलो होतो. बाबा मागे बसायचे, मांडीवर डब्याची पिशवी, एक हात माझ्या खांद्यावर. त्या हाताचं वजन मला अजून आठवतं. पाठीवर थाप मारणारा हात नव्हता तो, पण रोज असायचा.

चेरीतालला लल्लन भैयाचं गॅरेज होतं. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस, तोंडात कायम पान, आणि गाडीचा आवाज ऐकून रोग सांगणारा. रविवारी सकाळी तो आणि त्याची मंडळी विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जमायची. तिथे दोन पुलिया होत्या, म्हणजे छोटे पूल, मधला रस्ता सरळ आणि मोकळा. एका पुलियापासून दुसऱ्या पुलियापर्यंत कोण आधी पोहोचतो, एवढीच शर्यत. बक्षीस म्हणजे खव्याची गरम जिलबी, तीही हरणाऱ्यानं खिलवायची. मी दोन रविवार जिलबी खिलवली. माझी गाडी निघताना पुढचं चाक उचलायची. ते उचललं की मला भीतीनं मूठ ढिली करावी लागायची, आणि तेवढ्यात दुसरा पुढे.

लल्लन भैयानं गाडीकडे एकदाच पाहिलं आणि पिंक टाकून म्हणाला, "मधू, तेरी गाड़ी तो घोड़े जैसी खड़ी हो जाती है. आगे से दो अंगुल गिरा दे."

पुढचं चाक ज्या दोन चकचकीत नळ्यांवर खाली-वर होतं, त्याला आम्ही चिमटा म्हणतो. या नळ्या हँडलखाली दोन जाड पाट्यांमध्ये कसलेल्या असतात, एक पाटी वर, एक खाली. पाट्यांचे बोल्ट ढिले करून नळ्या दोन बोटं वर सरकवल्या की गाडीचं तोंड दोन बोटं खाली येतं. एका दुपारचं काम. मी ते अंगणात एकट्यानं केलं, पेरूच्या फांदीला दोरी बांधून पुढचा भाग टांगला आणि दोन्ही नळ्या बोटांनी मापून सारख्या केल्या. त्या रविवारी मूठ पूर्ण पिळली तरी चाक जमिनीला चिकटून राहिलं. मी दुसऱ्या पुलियावर थांबून मागे वळून पाहिलं तेव्हा बाकीचे अजून येऊन राहिले होते. जिलबी इतकी गोड मी त्याआधी खाल्ली नव्हती, आणि त्यानंतरही थोड्याच वेळा.

शर्यत झाल्यावर लल्लन भैया म्हणाला होता, "शाम को वापस ऊपर कर लेना. ये शहर के लिए नहीं है."

मी विचारलं, "काहून? काय होते?"

"बस, नहीं चलाते," तो म्हणाला. त्यालाही कारण माहीत नव्हतं, आणि इथेच माझं डोकं फिरलं. कारण सांगता येत नाही ते मी काहून ऐकू? गाडी खाली पाडल्यापासून वळणावर कशी चटकन वळायची, हँडल नुसतं मनात आणलं की फिरायचं. बाजारात पोरं वळून बघायची. मी नळ्या वर-खाली काही केल्या नाहीत. जे सरळ रस्त्यावर चांगलं, ते गावात वाईट कसं होईल, असं माझं म्हणणं.

तीन-चार दिवस गाडी चालली. खड्ड्यात पुढून 'ठक्' असा आवाज यायचा. बाबांनी मागून एकदा विचारलं, "हे काय वाजून राहिलं?" मी म्हटलं, "जुनी गाडी आहे बाबा, वाजणारच." ताटाच्या कडेला भाकरी ठेवताना व्हायचा तसा त्यांचा चेहरा झाला असणार. मला मागचं दिसत नव्हतं.

फॅक्टरीच्या फाटकाजवळ सकाळी सायकलींचा पूर यायचा. हजारभर सायकली, सगळ्यांच्या हँडलला डबे, सगळ्यांना भोंग्याच्या आत पोहोचायचं. त्या पुरात एक सायकलवाला माझ्यापुढे आडवा आला. मी पुढचा ब्रेक दाबला. गाडीनं नाक खुपसलं, 'ठक्' नाही, 'खाड' असा आवाज झाला, हँडलनं माझ्या हातातून झटका घेतला आणि आम्ही दोघं रस्त्यावर. वेग फार नव्हता. माझं कोपर सोललं. बाबा कुशीवर पडले होते, डबा उघडून तुरीचं वरण रस्त्यावर सांडलं होतं, आणि भोवती सगळे त्यांच्याच खात्यातले लोक सायकली धरून उभे. ज्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर लाल खूण केली, तो स्वतःच्या पोराच्या गाडीवरून त्यांच्यासमोर पडला होता. मी हात दिला. तो त्यांनी घेतला नाही. स्वतः उठले, पँट झटकली, डब्याचं झाकण उचलून रुमालानं पुसलं आणि एका ओळखीच्याला विचारलं, "वेळ काय झाली?" मग लंगडत फाटकातून आत गेले. भोंगा त्यानंतर वाजला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पायी जायला लागले. पाऊण-एक तासाचा रस्ता, आणि तो गुडघा. पहिल्या भोंग्याच्याही आधी उठायचे. मी गाडी अंगणाबाहेर काढून सुरू करून ठेवायचो. ते तिच्या बाजूनं निघून जायचे, रस्त्यात कुणाचं सामान पडलेलं असावं तसे. रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्यावर लाल खूण झाली होती आणि मी बाजूला पडलो होतो.

आई म्हणाली, "माफी माग ना त्यांची. तोंड दुखते का तुयं?"

"मी काय केलं? तो सायकलवाला आडवा आला."

"बरं," आई म्हणाली. "मग त्या सायकलवाल्यालेच सांग, रोज सकाळी येऊन तुझ्या बाबांना सोडत जा म्हणावं."

हट्ट मला कुठून आला ते मी सांगायला नको. घरात दोघं होतो तसे, आणि मधे ती.

त्यातच दसरा आला. आमच्या घरी हत्यारांची पूजा व्हायची. पाटावर बाबांची पट्टी, आईची विळी, माझे पाने, सगळं धुऊन-पुसून मांडलेलं. पुरणाचा वास घरभर. बाबांनी पूजा केली आणि आत जाऊन बसले. गाडीची पूजा राहिली होती. आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन अंगणात आली. गाडीला कुठे लावावं हे तिला कळेना. टाकीवर धूळ, चाकाला चिखल. शेवटी पुढच्या दोन चकचकीत नळ्या तिला स्वच्छ दिसल्या. पाण्यात कालवलेलं कुंकू तिनं दोन्ही नळ्यांना वरपासून खालपर्यंत, चार बोटांनी, असं फासलं की लग्नाची नवरी वाटावी. मी म्हटलं, "आई, अगं किती." ती म्हणाली, "तिलेच जास्त पाहिजे. तिनंच पाडलं न त्यांना."

जेवण झाल्यावर मी सोनं द्यायला निघालो. मराठी घरं जबलपुरात लांब लांब, एक चेरीतालला तर एक पार दुसऱ्या टोकाला. आपट्याची पानं वाटत, वडीलधाऱ्यांच्या पाया पडत, प्रत्येक घरी एक-एक करंजी खात उजेड असतानाच परत आलो. गाडी झाडाखाली लावताना नजर नळ्यांवर गेली. कुंकू खालून पुसलं गेलं होतं. नळी जिथे खालच्या भागात शिरते तिथे रबराची कड असते. ती कड कुंकू ढकलत ढकलत वर गेली होती आणि जिथपर्यंत गेली तिथे तिनं एक जाड लाल रेघ गोळा करून ठेवली होती, फळ्याखाली खडूची भुकटी साचते तशी. त्या रेघेच्या वर कुंकू जसंच्या तसं.

मी उकिडवा बसलो आणि बघतच राहिलो. गाडी रस्त्यात काय करत होती ते तिनं लिहून ठेवलं होतं, आणि तेही मला वाचता येईल अशा अक्षरात. मी बोटं लावून पाहिली. गाडीवर माणूस बसलेला असताना रबराची कड जिथे असते, तिथून अडीच बोटं. मग मडगार्डच्या वर हात घालून पाहिलं. मडगार्ड आणि वर खालच्या पाटीला लावलेला हॉर्न, यांच्यामध्ये जागाही अडीच बोटंच. मडगार्डला तिथे चांगला खोल पोचा होता, जो मी आजवर पडण्यातला समजत होतो. म्हणजे रेघ अडीच बोटांवर थांबली ती तिची मर्जी म्हणून नाही. तिथे लोखंड लोखंडाला जाऊन आपटलं होतं. रोज माझ्या कानात 'ठक्' वाजत होतं ते हे.

आता मला चैन पडेना. रस्त्यावर एवढं होतं, तर शर्यतीत काय होत असेल? तिथे कधी 'ठक्' ऐकू आलं नव्हतं. रविवारी मी करंड्यातलं कुंकू कागदात बांधून नेलं. पुलियावर बसून दोन्ही नळ्यांना फासलं. लल्लन भैयानं पान थांबवलं. "क्यों मधू, आज गाड़ी की शादी है क्या?" सगळे हसले. मी म्हटलं, "हसून घ्या." शर्यत जिंकलो. पण शेवटी पुढचा ब्रेक मुद्दाम दाबला नाही. मागच्यावरच, आणि गाडी लांबवर आपोआप मंद होऊ दिली. पुढचा दाबला असता तर गाडीनं नाक खुपसलं असतं आणि मग ते खुपसणं शर्यतीचं की ब्रेकचं, कसं कळणार? एवढी अक्कल मला सातवी नापास असूनही होती, हे नोंदवून ठेवतो. खाली वाकून पाहिलं. रेघ अर्धं बोटही चढली नव्हती.

मी तिथेच पुलियावर बसलो. जिलबी आली तरी हातात धरून बसलो. शर्यतीत गाडीचं तोंड वर जायला बघतं. खाली जागा किती आहे याचा तिथे प्रश्नच येत नाही, म्हणून दोन बोटं कापून घेतली तरी काही बिघडत नाही, उलट तोंड दाबून राहतं. गावात उलटं. गावात सायकलवाला आडवा येतो, खड्डा येतो, म्हैस येते, आणि प्रत्येक वेळी तोंड खाली जातं. तिथे तीच दोन बोटं लागतात. मी शर्यतीसाठी ती उचलून घेतली आणि बाबांना बसवून निघालो. लल्लन भैयाला सांगितलं तर त्यानं वाकून रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाला, "बीस साल से यही कर रहा हूँ. किसी ने पूछा ही नहीं क्यों."

मधेच सांगतो. माझ्या नातवानं परवा नवी गाडी आणली आणि आणल्या आणल्या पुढून खाली पाडून घेतली. मी विचारलं, शर्यत लावतो का? तो म्हणाला, "नहीं आजोबा, ऐसे अच्छी दिखती है." मराठी त्याला कळते, बोलत नाही. मी त्याच्या नळ्यांना गुपचूप कुंकू लावून ठेवलं. संध्याकाळी त्यानं स्वतः येऊन विचारलं, हे लाल काय आहे. मी म्हटलं, वाच.

त्या रविवारी दुपारीच मी नळ्या पुन्हा खाली सरकवल्या, तोंड होतं तिथे आणलं. मग रोज कुंकू लावून गाडी फिरवायला लागलो. वखारीला जाताना, बाजारात, भेडाघाटच्या रस्त्यावर, मुद्दाम ब्रेक दाबत. आई करंडा घेऊन अंगणात आली. "कुंकू काय गाडीले लावाले आणते का मी? रिकामा करून ठेवला."

"तूच तर लावलं पहिल्यांदा."

"एकदा लावलं. रोजची सवाष्ण करून टाकली तुवं तिले."

बाबा ओसरीवर गुडघ्याला तेल लावत बसले होते. हसले नाहीत, पण तेलाचा हात थांबला.

माफी मागणं माझ्यानं होईना. शब्द घशापर्यंत यायचे आणि तिथेच लोखंड लोखंडाला आपटायचं. मग एका सकाळी बाबा पायात वहाणा घालत असताना मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "बाबा, एक माप घ्यायचं आहे. मला बोटांनी येतं, पट्टीनं येत नाही."

हे खरंच होतं. आणि तपासनीस माणसाला माप घ्यायला नाही म्हणता येत नाही, हेही मला माहीत होतं. ते उठले, गाडीपाशी आले, गुडघा धरून वाकले. मी सांगत गेलो. आधी रेघ कुठे होती, शर्यतीत कुठे होती, तोंड वर केल्यावर आता कुठे जाते. मडगार्डचा पोचाही दाखवला. तो मी दसऱ्याच्या आधी काळ्या रंगानं झाकला होता, तेही सांगितलं. ते सांगताना माझी मान वर झाली नाही. बाबांनी खिशातून पट्टी काढली. नळीला लावली, मडगार्डच्या वर लावली, परत नळीला लावली. बराच वेळ गेला. पहिला भोंगा कधीच वाजून गेला होता, पायी वेळेत पोहोचणं आता होणार नव्हतं.

"हे तुझ्या एकट्याच्या वजनावर," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"हो."

"मागे माणूस बसला तर किती?"

"ते मापलं नाही."

"काहून?"

"माणूस नव्हता," मी म्हटलं.

बाबांनी पट्टी खिशात ठेवली. डब्याची पिशवी उचलली. आई दारात पिठाचे हात घेऊन उभी होती, ती काही बोलली नाही, आणि तिच्यासाठी तो मोठाच पराक्रम होता. मी नळ्यांना नवीन कुंकू फासलं. बाबा मागे बसले. खांद्यावर हात ठेवला नाही, मागची कडी धरली.

मी गाडी हळू चालवली नाही आणि जोरातही नाही, जशी रोज चालते तशी चालवली, कारण खोटं माप त्यांना चाललं नसतं. फाटकाजवळ तोच सायकलींचा पूर. त्याच जागी, जिथे वरण सांडलं होतं, बाबा मागून म्हणाले, "दाब."

मी पुढचा ब्रेक दाबला. गाडीनं नाक खुपसलं, खाली गेली, आणि कुठेही न आपटता पुन्हा वर आली. त्या क्षणी माझ्या खांद्यावर हात पडला होता. ब्रेकमुळे तोल गेला म्हणून पडला असेल. मी त्यावर कधी विचारलं नाही.

बाबा उतरले. सायकली थांबवून खात्यातले लोक बघत होते. त्यांच्यासमोर बाबा दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि पट्टी लावली. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभा होतो.

"आपटायला अजून अर्धा इंच आहे," ते म्हणाले.

मग पट्टीला लागलेलं कुंकू अंगठ्यानं पुसून ती खिशात ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडे निघाले. पाच-सहा पावलांवर थांबले, पण वळले नाहीत.

"मध्या, पाचच्या भोंग्याला येशील. पाय दुखून राहिला."

मी साडेचारलाच जाऊन उभा राहिलो.